पियानोचा डावा पाय

बाई, हा पियानो हलवायचा कसा, ते मरायच्या आधी सांगून जायला तुम्हाला काय झालं होतं? "हा तू सांभाळ" एवढंच म्हणालात आणि डोळे मिटलेत. सांभाळला. अमळनेरच्या तुमच्या त्याच दोन खोल्यांत इतकी वर्षं सांभाळला. उंदरांपासून, वाळवीपासून आणि तुमच्या भाचेमंडळींपासून. पण आता मालकाला घर पाडायचंय, मुलगा म्हणतो जळगावला आमच्याकडे ये, आणि येईन ती पियानोसकट, असं मी सांगितल्यापासून जो तमाशा झाला तो तुम्ही बघायला हवा होता.

आमच्यात पियानो वाजवता एकालाही येत नाही, हलवता मात्र सगळ्यांना येतो. मुलगा म्हणाला, "आई, चाकं आहेत की त्याला. ढकलत नेऊ टेम्पोपर्यंत." जावयांनी मोबाइलवर कुठल्याशा देशातली तीन माणसं दाखवली, ती हसत हसत जिन्यावरून पियानो उतरवत होती. मी म्हटलं, हसू दे त्यांना. मुलाचा एक मित्र पाइपच्या कारखान्यात आहे, तो म्हणे, "मावशी, फोर्कलिफ्ट आणतो, दोन मिनिटांचं काम." आपल्या बोळात रिक्षावाल्याला आरसे मिटून शिरावं लागतं आणि हा फोर्कलिफ्ट आणणार! शेजारच्या भाऊंनी तर कडी केली. "ट्रॉलीत कापूस भरा आणि वर आडवा झोपवा. गाणं म्हणत जाईल." उचलली जीभ, लावली टाळ्याला.

माझं सगळ्यांना एकच. चाकांवर नाही, आडवा नाही, ओढायचा तर मुळीच नाही. "पण का?" "नाही म्हणजे नाही." सून हळूच कुणाला तरी म्हणाली, "आईंचं वय झालं आता." वय झालंच आहे, बाई. पण कारण ते नव्हतं. कारण होतं त्याचा पुढचा डावा पाय. त्यातली चीर वरून दिसते त्याहून किती खोल आहे, ते मला एकटीलाच ठाऊक. आणि ती सांगायची तर पुढचं सगळंच सांगावं लागणार.

तो आला तो दिवस अजून डोळ्यांपुढे आहे. मी अकरा-बारा वर्षांची. आई तुमच्या स्वयंपाकघरात कळण्याची भाकरी थापतेय, मी दारात उभी. स्टेशनवरून हातगाडीवर चार हमाल तो आणतात, तुमचा "हळू, हळू"चा गजर चाललेला. त्यांचा म्होरक्या, ज्याला सगळे आबा म्हणत, कपाळाचा घाम पुसत म्हणतो, "बाई, लेकरू शे म्हनीसन आनेल शे." लेकरासारखा जपून आणलाय म्हणे. आठ दिवसांनी तुम्हाला पायाची चीर दिसली. तुम्ही आबाला शाळेच्या व्हरांड्यात उभं केलंत, सगळ्या मुलींसमोर. तो सांगत होता पाय धड होता, आणि तुम्ही म्हणत होतात, "मोडलात तो मोडलात, वर खोटंही बोलता?" शाळेचं काम त्याला पुन्हा कधी मिळालं नाही. मी खांबाआड, मूग गिळून. पुढे दर दिवाळीला साफसफाई निघाली की तुमचं पालुपद सुरू: "त्या हमालांनी वाट लावली." दर दिवाळीला, बाई! एखादी गोष्ट एकदा बोलून संपवायची असते की नाही माणसानं?

शेवटी मला केळीवाले सुचले. आपल्याकडे जड आणि नाजूक एकाच वेळी उचलायची सवय कुणाला असेल तर केळीचे ट्रक भरणाऱ्यांना. घडाला जरा घासलं की दुसऱ्या दिवशी काळा डाग, आणि व्यापारी नाक मुरडतो. त्यांच्या टोळीचा मुकादम म्हणजे त्या आबाचाच मुलगा, हे मला तिथे गेल्यावर कळलं. पाल्याच्या ढिगावर बसला होता. मुलींच्या शाळेतल्या बाईंचा पियानो म्हटल्याबरोबर त्याचा चेहरा उतरला.

"अक्का, ते काम माले सांगू नका. आमना आबाना हातनं मोडेल शे ते. पुन्हा आमना घरना हात त्याले नको."

खाई त्याला खवखवे म्हणतात ते खरं. सत्तरीची बाई मी, त्या दिवशी पहिल्यांदा कबूल केलं. म्हटलं, "तुझ्या आबानं नाही रे मोडला. मी मोडला. केर काढायला एकटीनं ओढला, फरशीच्या फटीत चाक अडकलं आणि कर्र झालं. चिरेत डिंक भरला, वरून बुटाचं पॉलिश फासलं."

त्यानं हातातल्या पाल्याच्या दोरीला गाठ मारली. मग म्हणाला, "आबा मराले टेकना तरी सांगे, पाय धड व्हता म्हनीसन. आम्ही पोरं हसूत त्याले." आणि दोरी बाजूला टाकत, जरा रागानंच, "पहिले सांगता ना, अक्का. दुखनं सांगाशिवाय डाक्तर काय करी?"

सहा माणसं घेऊन आला. आधी पियानोला हातच लावला नाही. खोलीपासून टेम्पोपर्यंत दोनदा रिकाम्या हातानं चालून आला. मग पाल्यानं भरलेली पोती चहूबाजूंनी बांधली, पट्टे पियानोच्या पोटाखालून घेतले, म्हणजे भार सगळा अंगावर आणि पाय अधांतरी. "बोलनार मी एकलाच," म्हणाला. माझ्या मुलानं सल्ला द्यायला तोंड उघडलं तसं त्यानं नुसतं बोट वर केलं. काय गार वाटलं मला! उभाच नेला, केबिनला पाठ लावून, बांधून. जळगावला उतरवल्यावर डाव्या पायाखाली लाकडाचा ठोकळा त्यानं स्वतः सारला, रुमालानं पाय पुसला आणि कुणाला ऐकू जाणार नाही असं म्हणाला, "आबा, पोचना रे."

आता तो हॉलमध्ये उभा आहे. सुनेनं त्याच्यावर इंटरनेटचा डबा ठेवलाय, खाली क्रोशाचा रुमाल घालून.

हे पत्र कुठे टाकायचं नाहीच. तुमच्या जुन्या वर्तमानपत्रांवरून अक्षरं शिकले मी. पोचलं असतं तरी लाल शाईनं चुका काढून परत आलं असतं. एवढंच करा, तिकडे आबा भेटला तर उभं करू नका, आधी खुर्ची द्या.

आणि एक. मुकादमाला सांगितलं तेही पुरतं खरं नव्हतं. केर काढायला नव्हता ओढला मी तो. तुम्ही वाजवायच्यात तेव्हा आवाज कुठून येतो, ते मागून बघायचं होतं.