चार एकरवाल्यांची दफनभूमी

१४ सप्टेंबर २०२४, शनिवार

ओरखडे! दोन्ही हातांवर, आणि गालावर एक. जगदीश म्हणाले, "कुणाच्या मांजराशी भांडलीस?"

दोष माझ्या कानांचा. शेजारची विनी – वय एकोणनव्वद, हातात काठी, ओठांना लिपस्टिक – परवा कुंपणावरून म्हणाली, शनिवारी 'बेरिअल ग्राउंड'वर ये, मदत हवीय. मी ऐकलं 'बेरी ग्राउंड'! लंडनचं हाउन्सलो सोडून या खेड्यात येऊन आम्हाला वर्षही झालेलं नाही. म्हटलं, असेल इथली काही रीत. मोठा डबा घेऊन गेले. गेटवर पोचते तर काय – दफनभूमी! सगळे हातमोजे आणि करवती घेऊन उभे, मी डबा घेऊन.

पण बेरी होत्या, ढीगभर! नुसती काटेरी जाळी, आणि तिच्याखाली कुठेतरी माणसं.

१५ सप्टेंबर

जॅम केला. जगदीश टोस्टला लावायला तयार नाहीत. "कुणाच्या छातीवर उगवलेला, कोण जाणे." ईशिताचा मँचेस्टरहून फोन – "आई, तू ग्रेव्हयार्डची जॅम केला?" लेकीचं मराठी ऐकून तिथली माणसं उठून बसतील.

२८ सप्टेंबर

आज जाळी बरीच हटली. चहाच्या वेळी विनीकडून सगळं ऐकलं.

तिचे खापरपणजोबा मँचेस्टरकडचे विणकर. पावणेदोनशे वर्षांपूर्वी अशा विणकरांनी वर्गणी काढून इथली जमीन घेतली, घराला चार एकर वाटून घेतली. गावाने नाव पाडलं – चार एकरवाले. शेतीचा गंध नाही! पहिल्या साली बटाटे इतके खोल पुरले की उगवलेच नाहीत. विनी हे सांगताना अशी हसते, जणू स्वतः बांधावर उभी होती.

मग हिवाळ्यात त्यांचं एक मूल गेलं. बाप्तिस्मा झालेला नव्हता, म्हणून व्हिकरने, म्हणजे गावच्या पाद्र्याने, चर्चच्या आवारात जागा दिली नाही. विणकरांनी बटाट्याच्या वावरातच पुरलं. तीच ही दफनभूमी. पुढे सगळे इथेच आले. दगड परवडायचा नाही, त्यामुळे बहुतेकांचं नावसुद्धा नाही.

मी कप खाली ठेवला. तिला सांगितलं – माझ्या आजीच्या गावी आमच्या लोकांची मसणवट वेगळी होती. ओढ्यापलीकडे. गावाच्या मसणवटीत आम्हाला जागा नाही.

विनी म्हणाली, "सेम व्हिकर, वॉज इट?"

इतक्या हसलो दोघी! डोळे पुसावे लागले.

२ नोव्हेंबर

आता कळलं विनीची धडपड कशासाठी आहे ते. तिला इथेच यायचंय, आपल्या आईजवळ. पॅरिश कौन्सिलचा – म्हणजे इथल्या ग्रामपंचायतीचा – चेअरमन रॉजर आज गेटवर येऊन, अगदी गोड आवाजात, नाही म्हणाला. जुन्या कबरी कुठे आहेत हेच कुणाला माहीत नाही, मग नवी खणायची कुठे? त्यापेक्षा वॉटफर्डच्या बाजूचं क्रेमेटोरिअम बघ, म्हणे. पार्किंगची सोय उत्तम आहे.

विनी म्हणाली, "मला पार्क व्हायचं नाहीये, रॉजर."

१९ नोव्हेंबर

पाऊस. जॅमच्या बरणीत चमचा सापडला. मी ठेवलेला नाही!

१२ जानेवारी २०२५

विनी घरात पडली. खुब्याचं हाड. हॉस्पिटलमध्ये जाऊन आले. आयुष्यभर नर्सिंग केलंय, चेहरे वाचता येतात. आजचा आवडला नाही. लिपस्टिक नव्हती.

माझा हात धरून म्हणाली, "रॉजरला मला पार्क करू देऊ नकोस."

हो म्हणून आले. कशाच्या जोरावर?

९ फेब्रुवारी, रविवार

सकाळी एकटीच दफनभूमीत गेले. जाळी गेल्यापासून जमिनीला ऊन लागतंय – आणि सगळीकडे स्नोड्रॉप्स! पांढरीशुभ्र. आधी वाटलं, रानफुलं. मग नीट पाहिलं. ती वाटेल तिथे उगवलेली नव्हती. रांगेत होती! एक पुंजका, मोकळी जागा, पुन्हा पुंजका. मधलं अंतर माणसाच्या उंचीइतकं.

दगड परवडला नाही म्हणून उशाशी फुलं लावली होती त्यांनी. प्रत्येकाच्या.

तिथूनच विनीला व्हिडिओ कॉल. बघत राहिली. "आई दर वर्षी कंद लावायला जायची," म्हणाली. "मला वाटायचं, शोभेसाठी."

आणि भिंतीकडच्या कोपऱ्यात, तिच्या आईच्या पलीकडे – एकही फूल नाही. नुसतं गवत!

धावत घरी. जगदीशना टेप घेऊन ओढत आणलं. वाटभर कुरकुर. गेटच्या आत आले. मग एवढ्या थंडीत बूट काढून बाजूला ठेवले, आणि मोज्यांवर मोजमाप केलं.

२६ फेब्रुवारी

कौन्सिल गमबूट घालून हजर! रॉजर फुलांवर पाय पडू नये म्हणून बगळ्यासारखा चालत होता. गेल्या आठवड्यात त्यांनी कोपरा यंत्राने तपासून घेतला – खाली फक्त माती. सगळे हात वर! विनीला जागा मिळाली.

ती व्हीलचेअरवर आली होती. लाल लिपस्टिक. जागा बघून म्हणाली, "छान आहे. पण घाई नाही."

६ मार्च

जगदीश पाव आणायला गेले ते रॉजरकडे जाऊन आले. पाव नाही. म्हणाले, "विनीच्या पलीकडची जागा मागितलीय. आपल्या दोघांच्या राखेसाठी."

लग्न झाल्यापासून 'शेवटी नागपूरलाच' म्हणणारा माणूस हा!

"आणि नागपूर?" मी विचारलं.

"तिथे आता शेजारी कोण आहे आपलं?"