तुमचा एकच हुकूम

प्रिय बाबा,

काल तुमची तेरवी झाली. हो, झाली! महाराज आले, मंत्र झाले, प्रतापनगरच्या आपल्या अंगणात पंगती उठल्या आणि वडे मी स्वतः तळले. तुम्ही नको म्हणून छापून ठेवलं होतं, तरी झाली. ही गोष्ट तुम्हाला दुसऱ्या कोणाकडून कळण्यापेक्षा मीच सांगावी, म्हणून आज लिहायला बसले. कळणार कुठून म्हणा! मेल्यावर काही उरत नाही, हे तुमचंच म्हणणं. मग मी कोणाला लिहितेय? ते नका विचारू. एवढी सूट द्या.

प्रेसमधून निवृत्त व्हायच्या आठवड्यात तुम्ही छपाईचे शेवटचे खिळे जुळवले ते स्वतःच्या मरणासाठी. जन्मभर लोकांच्या लग्नपत्रिका जुळवणारा माणूस स्वतःचा मजकूर दुसऱ्याच्या हाती कसा सोपवणार? तळहाताएवढा कागद, पन्नास प्रती, तारखेची जागा कोरी. "माझ्या मृत्यूनंतर कोणताही धार्मिक विधी करू नये. महाराजांना बोलावू नये. तेरवी करू नये. कोणी देवाला दोष देऊ नये, कारण तो नाही." खाली तुमचं नाव, ठसठशीत. गठ्ठा माझ्या हातात देऊन म्हणालात, "मी गेलो का येईल त्याले एकेक देत जाय, नलू." आईला हे दाखवलंय का, असं मी तेव्हा विचारलंच नाही. ती चूक माझीही.

बाबा, तुम्ही आणि हुकूम! आयुष्यात एकदा तरी मला "हे कर" म्हणाला असाल तर शपथ. चौथीत असताना मी शाळेत जात नाही म्हटलं, तर तुम्ही "बरं" म्हणून चपला घातल्या आणि कामावर गेलात. आई कपाळाला हात लावून बसली. "लेकराले काही वळण नको काय?" तुम्ही संध्याकाळी आल्यावर म्हणालात, "तिच्या डोक्यावर मी कोन बसनारा?" अकरा दिवस मी घरात माश्या मारल्या आणि बाराव्या दिवशी कंटाळून आपण होऊन शाळेत गेले. तुम्ही कोणाला बढाई मारली नाहीत. आईने मात्र मला चांगले दोन धपाटे दिले.

लोक तुम्हाला अराजकवादी म्हणायचे आणि घाबरून म्हणायचे. त्यांना वाटायचं, हा माणूस कुठेतरी काचा फोडत असेल. तुम्ही तर पेला फुटला तरी हळहळणारे! कोणाचंही राज्य नको म्हणजे गोंधळ हवा असं नाही, हे तुम्ही किती जणांना समजावलं असेल? शेजारचे देशमुख एकदा म्हणाले, "तुमाले देवाचं भेव नाही, पोलिसाचं नाही. मंग तुम्ही चोरी काहून करत नाही?" तुम्ही त्यांच्याकडे काळजीने पाहिलंत. "म्हंजे तुम्ही नुसते भेवानंच थांबून राहिले काय, देशमुख? मंग मी दाराले कुलूप लावतो गा." देशमुख इतके हसले की चहा सांडला. आणीबाणीत पोलीस आला तेव्हाही तेच. त्याने विचारलं, कोणता पक्ष? कोणताच नाही. मग कोणाच्या विरोधात? सगळ्यांच्या. त्याने वही मिटली आणि आईने केलेले पोहे खाल्ले.

आणि आई! तुम्ही कधी मत दिलं नाहीत. तिने एकही निवडणूक चुकवली नाही. मत देऊन आली की शाईचं बोट मुद्दाम तुमच्या नाकासमोर धरायची. तुम्ही कधी विचारलं नाहीत, कोणाला दिलंस. तिचे देव स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात होते आणि दर शुक्रवारी त्यांना शेवंतीची फुलं आणणारे तुम्हीच. मी चिडवलं तर म्हणायचात, "देवाले नाही आनली, तिले आनली." मला वाटायचं, असं घर साऱ्या नागपुरात नसेल. अजूनही वाटतं.

पण एक सांगू? आता रागावायला तुम्ही नाही, म्हणून धीर होतोय. तुम्ही हुकूम सोडत नव्हता, पण तुमचा चेहरा सोडायचा. माझं लग्न लकडगंजच्या घरात ठरलं. सासरच्यांना महाराज हवे होते, मी मान डोलावली. तुम्ही म्हणालात, "तुले वाटते तसं." आणि असा काही चेहरा केलात की त्यापेक्षा चार शिव्या परवडल्या असत्या! मंगलाष्टकांच्या वेळी शेवटच्या रांगेत मूठ आवळून उभे होतात. नंतर आईला तुमचा सदरा धुताना खिशात अक्षता सापडल्या. आमच्यावर टाकल्या नाहीत आणि फेकूनही दिल्या नाहीत. त्या अक्षतांवर मी किती रडले, तुम्हाला ठाऊक नाही.

तुम्ही गेलात त्या दिवशी गठ्ठा माझ्या पिशवीत होता. माणसं येत होती आणि मी पिशवी छातीशी धरून बसले होते. कुहीहून मामा आले. त्यांनीच अग्नी दिला, त्यांनीच महाराजांना सांगितलं. आई खांबाला टेकून बसली होती आणि तिच्या हातात मी कोणत्या तोंडाने तो कागद देणार होते? एक दिवस गेला, दुसरा गेला. रोज सकाळी ठरवायचे, आज देते.

नवव्या दिवशी ती अंगणात तांदूळ निवडत होती. महाराजांनी दिलेली सामानाची यादी मामा वाचत होते. मला राहवलं नाही. एक कागद काढून तिच्या सुपात ठेवला.

आई चौथीपर्यंत शिकलेली, सावकाश वाचते. बोट ठेवून एकेक ओळ वाचली. शेवटी पोचली, पुन्हा वर गेली, पुन्हा खाली आली. कागद उलटून मागची कोरी बाजू पाहिली. मग मला म्हणाली, "याच्यात मी कुठी आहो वं?"

मामा म्हणाले, "भाऊजीचं डोकं फिरलं होतं, बाई. फेकून दे तो कागद." तिने त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"जलमभर सांगत राहिले, कोनी कोनावर हुकूम चालवू नोको म्हनून. अन् जाता जाता माह्यावर चालवला? तोही छापून? पन्नास लोकायले वाटाले?" मग आवाज अगदी खाली गेला. "मले विचारलं असतं, नलू, तं मी हो म्हटलं असतं. पन विचारलंच नाही."

बाबा, तेव्हा पहिल्यांदा मला तुमचा राग आला. इतकी वर्षं फुलं आणलीत, बोटावरची शाई पाहून हसलात आणि एवढंच विचारायचं राहिलं? की ती नाही म्हणेल याची भीती वाटली? भीतीने काही करू नये म्हणणारे तुम्ही! तुमचं मरण तुमचं, कबूल. पण त्यानंतरचे तेरा दिवस तिचे होते ना हो?

मी तिला विचारलं, "मंग काय करायचं आई?" ती म्हणाली, "तेरवी करायची. मले कराची आहे." मी गठ्ठा परत पिशवीत ठेवला आणि तिच्याशेजारी बसून तांदूळ निवडू लागले. एकोणपन्नास कागद तसेच आहेत. तुमच्या मुलीने तुमचा एकुलता एक हुकूम मोडला. मोडताना तुम्हीच शिकवलेलं करतेय असं वाटत होतं. पण छातीत दुखतही होतं, ते लपवत नाही.

काल पंगती उठल्यावर मामांनी वर्षश्राद्धाचा विषय काढला. महाराजांना आत्ताच सांगून ठेवू म्हणाले. आई पदराला हात पुसत बाहेर आली. "नोको. हे म्या माह्यासाठी केलं. आता त्यायच्यासाठी करत नाही. त्यायले आवडत नव्हतं." मामा काही बोलणार, तोवर ती आत गेली.

ऐकलंत? छापून जे मिळालं नाही, ते तिने आपण होऊन दिलं. न मागता. तुम्ही असता तर काय केलं असतं हो? मला वाटतं, बाजारात जाऊन फुलं आणली असती.

मी तुम्हाला वचन देते, बाबा. वर्षभराने मामा किंवा आणखी कोणी श्राद्धासाठी तिच्या मागे लागलं, तर मी त्यांना थांबवीन. आणि तोवर तिचंच मन बदललं, करते म्हणाली, तर वडे पुन्हा मीच तळीन. तुमच्यावर माझा फार जीव आहे. पण त्या दिवशी मी तिच्या बाजूने असेन.

तुमची,
हुकूम मोडलेली
नलू