बुटक्या दाराची चावी

शनिवार, १४ जून. कार्डिफ

चावी दिली नाही. अजून पर्समध्येच आहे.

किल्ल्यातल्या चर्चची टूर आज मी पुन्हा मागच्या बुटक्या दारातून नेली. पूर्वी तिथून स्वयंपाकघरातले नोकर ताटं घेऊन आत यायचे. लॉर्डच्या जेवणाच्या हॉलचं पुढे चर्च झालं, पण ते दार तेवढंच राहिलं, जेमतेम खांद्याइतकं. सगळे वाकून आत आले. मी म्हटलं, "लॉर्ड इथे कधीच वाकला नाही. त्याचं जेवण आणणारे रोज वाकायचे."

टूर संपल्यावर मार्गारेटने गाठलं. आम्हा व्हॉलंटियर गाइड्सची ती प्रमुख. "सुजाता, लोक कॅसल बघायला येतात, किचन नाही. मेन गेटमधूनच ने. चावी इकडे दे."

सरळ नाही म्हटलं. उद्धटपणा झाला का? झाला असेल. पण गावच्या देवळाला माझ्या आजोबांसाठी बुटकंसुद्धा दार नव्हतं. आणि मी इथे मेन गेटमध्ये उभी राहून लॉर्डचे गोडवे गाऊ?

पुढच्या शनिवारी तेच दार, तीच चावी. मार्गारेटलाही यायला सांगितलंय. चांगली उंच आहे ती. जरा जास्तच वाकावं लागेल.