ओट्याची सुतळी

घाटंजी, १२ नोव्हेंबर २००५
चि. संघदीप यास काकूचे आशीर्वाद व जयभीम. वि. वि.
बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंग गिरणीच्या जागेवर आपल्या वस्तीची नवी घरं होणार, अन् नकाशा काढणारा तू, म्हणून वस्तीभर साखर वाटली. मग नकाशा पाहिला. झाडं फार सुंदर काढलीस. माणसं कुठं बसवलीस ते सापडलं नाही. एकाही घराला ओटा नाही! डोळे गेल्यापासून तुझ्या काकांचा सारा संसार ओट्यावर. पावलावरून माणूस ओळखतात, नाव घेऊन जयभीम करतात. कापसाच्या भावानं पिसाळलेला माणूसही तिथं घडीभर टेकतो. ओटा नसंल तर मले इथंच ठेवून जा, असं तुझे काका म्हणून राह्यले. सोबत सुतळी आहे, आपल्या ओट्याच्या लांबीची. बोटभरही कमी नको.
लोभ आहेच, वाढवायचा की नाही ते ओटा पाहून ठरवीन.
प्रभावतीकाकू

नागपूर, २१ नोव्हेंबर २००५
ती. काकूस सा. जयभीम.
सुतळी पोचली. साहेब हसले, पण प्रत्येक घराला ओटा काढला. काकांना सांग, जागा पक्की. तुझी बोलणी खाल्ल्याशिवाय माझा नकाशा नीट होत नाही, तेव्हा लिहीत जा.
तुझा संघदीप

घाटंजी, ३ मार्च २००७
चि. संघदीपास आशीर्वाद.
नव्या घरात आलो. दाराबाहेर ओटा नाही, मोटारी ठेवायची जागा आहे. वस्तीत चारचाकी म्हणशील तर ममताचा भाजीचा ठेला. काकांना सांगितलं, ओट्याचं सिमेंट ओलं आहे. रोज सकाळी विचारतात, वाळलं काय. बाबा रे, किती दिवस ओलं ठेवू?
काकू

नागपूर, ८ मार्च २००७
ती. काकूस सा. जयभीम.
ओटे वरच्या साहेबांनी खोडले. बदललेल्या नकाशावर सही माझीच आहे. नोकरी जाईल म्हणून केली, अन् तुला कळवायची हिंमत झाली नाही. अठराला, रविवारी येतो. काकांना मीच सांगतो.
संघदीप

घाटंजी, २९ मार्च २००७
चि. संघदीपास आशीर्वाद.
रविवारी आलास तो काकांच्या मयतीलाच. बसायला आलेली माणसं मोटारींच्या जागेत उभीच राहिली. तूही उभाच होतास. तेव्हा बोलले नाही, ते आता लिहिते.
त्याच्या आदल्या शुक्रवारी मीच त्यांना म्हणाले, वाळलं. हात धरून ममताच्या ठेल्यावर नेऊन बसवलं. त्यांनी फळीवरून हात फिरवला, वीत टाकून मोजलं. मग म्हणाले, पोराचं माप थोडं चुकलं, पण त्याले काही बोलू नको.
म्हणून बोलत नाही. सुतळी तेवढी परत पाठव.
काकू