खंडेनवमीची रिळं

मी, विश्वंभर त्र्यंबकराव नर्सीकर, वय ७७, निवृत्त भूगोल शिक्षक, राहणार हिंगोली, माझ्यामागे काय कोणाचं व्हावं हे राजीखुशीने, कोणाच्या दडपणाखाली न येता लिहून ठेवतो. डोकं ठिकाणावर आहे. नसतं तर बरं झालं असतं.

१. राहतं घर आणि बँकेतली ठेव पत्नी सौ. अनुसूया हिला. तिच्या पश्चात दोन्ही माझी भाची संपदा हिला. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही संपदानेच करावी. घरात धड शांतपणे बोलणारी ती एकटीच आहे.

२. वडिलांची जुनी मॉरिस मोटार पुतण्या विश्वजीत यास. वडील वकील होते. ही गाडी त्यांनी हैदराबादहून आणली आणि पोटच्या पोरांपेक्षा तिला जास्त जपलं. विश्वजीतला ती वरातींना भाड्याने द्यायची आहे. स्वतःच्या बापाच्या तेराव्याला, पंगत उठायच्या आत, त्याने मला विचारलं होतं, "काका, गाडीचं काय ठरवून राहिलात?" ठरवलं बाबा. घेऊन जा. फुलं लाव, नवरदेव बसव. फक्त तिचा रबरी भोंगा काढून संपदाकडे द्यावा. तो केतकीचा आहे.

३. केतकी आमची मुलगी. एकुलती एक. सहाव्या वर्षी तापाने फणफणली म्हणून याच गाडीतून परभणीला नेत होतो. वडील गाडी हाकत होते. जवळा बाजारच्या पुढे अनुसूया म्हणाली, "आता सावकाश चालवा." तेवढ्यावरून आम्ही समजलो. वडिलांनी पुन्हा त्या गाडीचं चाक धरलं नाही.

ती गेली त्याच्या आदल्या हिवाळ्यात मी मामांच्या कॅमेऱ्याने गाडीची चित्रफीत काढली होती. वडिलांना गाडीच हवी होती. डब्यांवर त्यांनी 'मोटार' एवढंच लिहिलं. पण शेवटच्या रिळात सिद्धेश्वरच्या धरणावर केतकी आजोबांच्या मांडीवर बसून भोंगा दाबते आणि हसते. आवाज नाही. तरी ते हसणं होतं. पुढे प्रोजेक्टर मोडला, दुसरा मिळाला नाही, आणि डबे गाडीशेजारच्या फडताळात राहिले.

आमच्याकडे खंडेनवमीला गाडी, पाने, पकडी, सगळ्याची पूजा होते. अनुसूया डबेही पूजेत मांडायची. झाकणावर बोट टेकवून तिचं समाधान होत नसे. ती डबा उघडून आत रिळालाच हळदीकुंकू लावायची, ओल्या बोटाने. शेवटच्या रिळावर झेंडूचं फूल ठेवायची, नुकतं धुतलेलं, आणि झाकण घट्ट लावायची. दरसाल. मला वाटायचं, आई लेकीची ओटी भरते आहे.

गेल्या वर्षी संपदाने रिळं पुण्याला नेली. तिथले गृहस्थ जुन्या फिती संगणकावर उतरवून देतात. पहिली रिळं बरीचशी निघाली. गाडी येते, गाडी जाते, वडील टोपी सावरतात. शेवटचं रीळ गूळ पाघळावा तसं चिकटून एक झालं होतं. त्यांनी संपदाला विचारलं की यात कुंकू आणि फुलं कोणी घातली.

अनुसूयेला मी सांगितलं की रीळ जुनं होऊन खराब झालं. ती मग म्हणाली, "दरसाल पूजा करून राहिले मी. मग काहून गेलं?" मी म्हणालो, आपल्यासारखंच म्हातारं झालं. ते तिला पटलं. मला त्या दिवसापासून जेवण गोड लागलेलं नाही.

तिला आता दिसत नाही; कागद वाचूनच दाखवावा लागेल. म्हणून संपदा, वाचताना हे तिसरं आणि खालचं पाचवं कलम वगळ. खरं कारण तिला कोणीही सांगू नये. विश्वजीत, तुला नंतर कळलंच, तर तुला त्या गाडीची शपथ आहे.

४. माझे दिवस करू नयेत. मला कोणाकडून काही पोहोचेल यावर माझा विश्वास उरलेला नाही.

५. रिळांचे डबे अनुसूया आहे तोवर फडताळातून हलवू नयेत. खंडेनवमीला ती चाचपडत तिथे जाईल, शेवटचा डबा उघडील आणि आत कुंकू लावील. तिला अडवू नका. फूल हवं असेल तर हातात द्या. त्यात आता बिघडायचं काही राहिलेलं नाही.

साक्षीदारांनी माझी सही होताना पाहिली. मजकूर मी त्यांना वाचू दिलेला नाही.

सही : विश्वंभर त्र्यंबकराव नर्सीकर
साक्षीदार : १. रतनसिंग ठाकूर, शेजारी
२. ग्यानबा कऱ्हाळे, निवृत्त शिक्षक
ठिकाण : हिंगोली
दिनांक : १४ सप्टेंबर २०२५