पासष्टच्या पुढच्या गटातलं तिसरं बक्षीस

विषय : रविवार, दिनांक १९ जानेवारी रोजी सकाळी दहा वाजून सात मिनिटांनी तू व्यासपीठावर चढून माझं बक्षीस घेतल्याबाबत.

ती. सौ. ताईस,

साष्टांग नमस्कार. (हा कागदावरचाच समज. माझ्या पायांची सध्याची अवस्था पाहता खरा घातला, तर मला उठवायला दोन माणसं लागतील.) तुझी प्रकृती कशी आहे? भावोजींचा रक्तदाब काय म्हणतो? इकडे सर्व क्षेम आहे, म्हणजे पायाच्या दहापैकी सात नखं शाबूत आहेत. आपण दोघी वीस मिनिटांच्या अंतरावर राहतो, तरी पत्र लिहिते आहे. फोनवर तू मला बोलू देत नाहीस आणि समोर बसलं की कपात चहा ओततेस, मग माझा राग निवतो. या वेळी तो निवू द्यायचा नाही, असं मी ठरवलं आहे.

झालं काय, ते पहिल्यापासून लिहिते, कारण गेल्या दहा दिवसांत तू ते इतक्या जणांना इतक्या तऱ्हांनी सांगितलं आहेस की तुला स्वतःलाही तेच खरं वाटू लागलं असेल. जूनमध्ये गुडघ्याच्या डॉक्टरांनी तुझे फोटो उजेडासमोर धरले आणि सांगितलं की उजव्या गुडघ्यातली गादी संपली आहे, आता तो बदलून घ्या. तू घरी आलीस आणि रागाच्या भरात अर्धमॅरेथॉनचा अर्ज भरलास. (राग आला की लोक भांडी आपटतात, तू अर्ज भरतेस.) आठ दिवसांत तुला काठी लागली. मग ऑपरेशनची तारीख तीनदा ठरली आणि तीनदा मोडली. पहिल्यांदा घराला रंग द्यायचा होता. दुसऱ्यांदा भावोजींना सर्दी झाली होती; ऑपरेशन त्यांच्या नाकाचं नव्हतं, हे मी तेव्हाही म्हटलं होतं. तिसऱ्यांदा म्हणालीस की डॉक्टरांचं अक्षर फार सुरेख आहे, खऱ्या डॉक्टरांचं असं नसतं. (खरं कारण मला ठाऊक आहे. आई ऑपरेशनला स्वतःच्या पायांनी चालत गेली होती आणि परत आली नाही. त्याला सव्वीस वर्षं झाली. आपण दोघी त्याबद्दल बोलत नाही, म्हणून कंसात लिहिते.)

तेव्हा तुझ्या स्वयंपाकघरात, ओट्याशी, भावोजींच्या साक्षीने तू मला म्हणालीस, "अर्ज फुकट कशाला घालवायचा? तू पळ माझ्या नावाने. तू एकवीस किलोमीटर पुरे केलेस ना, की दुसऱ्या दिवशी मी ऑपरेशनच्या टेबलावर." तू हे म्हणालीस, कारण मी आयुष्यात सुटलेल्या बसमागेही धावले नव्हते, हे तुला माहीत होतं. मी हो म्हटलं. भावोजी म्हणाले, "साठी बुद्धी नाठी." कुणाला उद्देशून म्हणाले, ते त्यांनी अजून सांगितलेलं नाही.

आता मी काय कबूल केलं होतं, ते नीट बघ. एकतीस वर्षं मी परीक्षा विभागात काढली. दुसऱ्याच्या नावावर पेपर लिहायला आलेले डमी उमेदवार मी नुसत्या बसण्यावरून ओळखायची. (खरा उमेदवार घाबरलेला असतो, डमी निवांत असतो.) एकाच्या वडिलांनी माझ्या टेबलावर डोकं टेकलं होतं, तरी मी त्याचं नाव कळवलं होतं. त्याच मी वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी, अडुसष्ट वर्षांच्या बाईचं नाव छातीवर लावून उभी राहिले, आणि तेही पासष्टच्या पुढच्या गटात! नंबर आणायला भावोजी गेले होते, त्यांना कुणी साधं ओळखपत्रही विचारलं नाही. माझ्या विभागात असं झालं असतं, तर तिघांच्या नोकऱ्या गेल्या असत्या.

पाच महिने मी सकाळी साडेपाचला बागेत जात होते. आमच्या प्रशिक्षकाला सगळे शिट्टी म्हणतात, कारण तो बोलत नाही, शिट्टी वाजवतो. एक लांब म्हणजे पळा, दोन आखूड म्हणजे चाला. पहिल्या दिवशी मी विजेच्या चार खांबांइतकं पळाले आणि पाचव्याला मिठी मारली. बूट घ्यायला गेले, तर दुकानदाराने मला दुकानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायला लावलं आणि म्हणाला, "आजी, तुमचा पाय आत पडतो." त्रेसष्ट वर्षं माझा पाय आत पडत होता आणि घरात एकाही माणसाने सांगितलं नाही. पुढे पाच किलोमीटर झाले, मग आठ, मग बारा. जिथे घासतं तिथे व्हॅसलिन लावायचं असतं, हे मला चौदाव्या किलोमीटरला कळलं. कुठे कुठे घासतं, ते मी लिहिणार नाही. आपल्या कॉन्व्हेंट शाळेतल्या मदरने शरीराच्या अर्ध्या भागांना नावंच दिली नव्हती आणि मलाही ती या वयात द्यायची नाहीत. रोज आठ वाजता तू फोन करून विचारायचीस, "सोडलंस का गं?" आणि मी नाही म्हटलं की तुझा आवाज उतरायचा. ताई, तो मला ऐकू येत होता.

शर्यतीच्या दिवशी सहाला बंदूक वाजली. एकवीस किलोमीटर आणि वर साडेसत्त्याण्णव मीटर. (वरचे साडेसत्त्याण्णव कुणी घातले, त्याला मला भेटायचं आहे.) तेराव्या किलोमीटरला माझ्या बाजूला एक बाई आली. पांढरे केस, बारीक अंगाची, एकाहत्तर वर्षांची, निवृत्त नर्स. माझ्या छातीवर छापलेलं तुझं नाव वाचून ती मला त्याच नावाने हाक मारू लागली आणि मी बेशरमपणे ओ देऊ लागले. तिने विचारलं, "कशासाठी पळताय?" मी म्हटलं, बहिणीच्या गुडघ्यासाठी. ती यावर हसली नाही. एकोणिसाव्या किलोमीटरला माझ्या पोटरीत असा गोळा आला की मी भर रस्त्यात फतकल मारून बसले. ती थांबली. गुडघ्यांवर बसून तिने माझी पोटरी चार मिनिटं दाबली, आणि मी उठल्यावर म्हणाली, "तुम्ही व्हा पुढे, तुमच्या बहिणीचं काम आहे. मी माझ्या चालीने येते." मी पुढे झाले. तीन तास एकवीस मिनिटांनी पोचले. ती माझ्यानंतर एका मिनिटाने आली. आमच्या दोघींच्या मधल्या त्या एका मिनिटात, ताई, तिसरं बक्षीस होतं. हे तेव्हा आम्हा दोघींनाही माहीत नव्हतं.

दहा वाजता मी केळ्यांच्या रांगेत होते. भोंग्यातून तुझं नाव आलं. पासष्टच्या पुढच्या गटात तिसरी! मला वाटलं, कुणी पुढे जाणार नाही, ते दुसरं नाव वाचतील आणि प्रकरण मिटेल. आणि दहा वाजून सात मिनिटांनी तू प्रेक्षकांच्या खुर्चीतून उठलीस. काठी टेकत, लंगडत, व्यासपीठाच्या चार पायऱ्या चढलीस. लोकांना वाटलं, एकवीस किलोमीटर पळूनच तुझी ही दशा झाली आहे. हजारेक माणसं उभी राहिली. एका तरण्याताठ्या धावपटूने तुला वाकून नमस्कार केला आणि तू त्याला आशीर्वाद दिलास! आयत्या बिळावर नागोबा ऐकला होता, पण तो लंगडत येऊन आशीर्वाद देतो, हे प्रथमच पाहिलं. आणि माझ्या पुढे, त्याच केळ्यांच्या रांगेत, चौथी आलेली ती नर्स उभी होती. तिने एकदा व्यासपीठाकडे पाहिलं, एकदा माझ्या छातीकडे पाहिलं आणि मला स्वतःच्या हातातलं अर्धं केळं दिलं. मदरच्या छडीने इतकं लागलं नव्हतं.

तरी मी गप्प राहिले, कारण दुसऱ्या दिवशी तू टेबलावर जाणार होतीस. सोमवारी सकाळी बॅग भरून तुझ्याकडे आले, तर तू चषक टीव्हीवर मांडून शेजारणीला दाखवत होतीस. मला म्हणालीस, "अगं, चार पायऱ्या चढले मी, कुणाचा हात न धरता! कशाला हवंय ऑपरेशन?" ज्या गुडघ्यासाठी मी तीन नखं गमावली, तो माझ्याच चषकाने बरा केला! आता शेजारीण तुला पळायचं कसं ते विचारते आणि तू तिला सल्ले देतेस. ("सुरुवातीला जपून." हे वाक्य शिट्टीचं आहे, आणि तो ते बोलला होता, म्हणजे त्याला किती महत्त्वाचं वाटलं असेल बघ.)

तेव्हा माझं म्हणणं असं. सोबत आयोजकांच्या नावे कबुलीपत्र जोडलं आहे. त्यात पळाली कोण, वय काय आणि चषक घेतला कुणी, हे सगळं आहे. खाली माझी सही केलेली आहे, तुझ्या सहीची जागा पेन्सिलीने फुली मारून ठेवली आहे. नियमाप्रमाणे दोघींवर दोन वर्षांची बंदी येईल. येऊ दे. दोन वर्षांनी मी पासष्टची होईन आणि त्या गटात हक्काने उभी राहीन. तू सत्तरची होशील. तेव्हा आपापल्या नावाने आणि आपापल्या गुडघ्यांनी पळू. तुझा गुडघा नवा असेल, म्हणजे त्यातही तुझाच फायदा.

भावोजींना नमस्कार. त्यांची साक्ष लागेल.

तुझी,
धाकटी

ता. क. परवा सोमवारी मी त्या नर्सच्या घरी जाऊन सगळं सांगून आले. ती तिसऱ्या मजल्यावर राहते, लिफ्ट नाही, पायऱ्या चोपन्न. तिला मी म्हटलं की चषक तुमचा आहे, मी उद्या आणून देते. ती म्हणाली, "चषकाचं काय घेऊन बसलात? बहिणीचं ऑपरेशन झालं का?" मी नाही म्हटलं. तेव्हा ती म्हणाली, "मग तो त्यांनाच घेऊन येऊ द्या, जिने चढून. मला घाई नाही. आणि त्यांना सांगा, शुद्धीवर येईपर्यंत मी शेजारी बसेन, चाळीस वर्षं तेच काम केलंय." डॉक्टरांकडून दहा फेब्रुवारीची तारीख मी घेऊन ठेवली आहे.

ता. क. २. सहावीत असताना माझा भरतकामाचा रुमाल तू रात्र जागून पुरा केला होतास आणि त्यावर मी पहिलं बक्षीस घेतलं होतं. मदरने माझ्या डोक्यावर हात ठेवला, तेव्हा तू मागच्या रांगेतून सर्वांत जोरात टाळ्या वाजवत होतीस. ते प्रकरण वेगळं आहे आणि उत्तरात ते काढू नये.

ता. क. ३. तू व्यासपीठावर चढलीस, तेव्हा टाळ्या मीही वाजवल्या. सवयीने.

दहा तारखेला येतेस की नाही, एवढंच हवं आहे. उत्तर शनिवार, १ फेब्रुवारी, संध्याकाळी पाचच्या आत, लेखी, तुझ्या सहीनिशी यावं. फोन उचलला जाणार नाही. चहाला बोलावू नये.