कंपाद्रेचे कान

२ ऑगस्ट, शनिवार. दुपार.

तारीख ठळक अक्षरांत लिहून ठेवतोय. फाकुंदोला या तारखेचा जन्मभर पश्चात्ताप होणार आहे.

गाड्या रंगवून मिरवणाऱ्या आमच्या क्लबात सिपिओच्या गाडीच्या डिकीवर मी नक्षीची रेषा मारत होतो. सगळे भोवती उभे. अर्धी रेषा झाली असेल नसेल, फाकुंदोनं माझ्या बोटांतून ब्रश काढून घेतला. मागितला नाही, काढून घेतला! आणि म्हणाला, "राहू दे, कंपाद्रे. घरी जा, ऑर्लिंडाचा टोस्टर रंगव." सगळे हसले. सिपिओ सगळ्यात मोठ्यानं.

हा माणूस माझ्या मुलीचा धर्मपिता. बाप्तिस्म्याला तिला हातात धरून हाच उभा होता. तेव्हापासून अडतीस वर्षं तो मला कंपाद्रे म्हणतो आणि मी त्याला. क्लबचा अध्यक्ष झाल्यापासून चढलाय.

तीस वर्षं काउंटीच्या रस्त्यांवर पिवळ्या रेषा मी मारल्या. एस्पन्योलापासून चिमायोपर्यंतची रेषा माझी. हा रोज माझ्या रेषेला धरून गाडी चालवतो आणि मला रेषा शिकवतो.

क्लबचं जॅकेट काढून टेबलावर आपटलं आणि निघून आलो.

३ ऑगस्ट, रविवार.

चर्चमध्ये फाकुंदोनं लांबून हात केला. मी वेदीवरच्या संताच्या पुतळ्याकडे बघत राहिलो. बायकोनं, ऑर्लिंडानं, कोपर मारलं. तरी पुतळाच.

घरी येऊन माझी गाडी पुसली. तिच्या डाव्या अंगाला अकरा पांढऱ्या रेषा आहेत, ईस्टरच्या आधी मीच मारलेल्या. दोन दिवस वाळायला क्लबच्या शेडमध्ये ठेवली होती. शेडमधून बाहेर काढली आणि मी स्वतःच थक्क झालो. सरळ म्हणजे ओळंब्यात. आणि प्रत्येक रेषेच्या टोकाला गळासारखा बारीक आकडा. असा आकडा माझ्या हातून आधी कधी आला नव्हता. वयाबरोबर कला पिकते, ती अशी. ईस्टरला अर्ध्या खोऱ्यानं फोटो काढले.

थरथरणाऱ्या हाताला हे जमेल का? मुळात हात थरथरतच नाही. सिपिओच्या डिकीखालची जमीन उताराची आहे, म्हणून रेषा वाकली.

६ ऑगस्ट, बुधवार.

टोस्टर रंगव म्हणाला ना? रंगवला. खाली चंदेरी चमकी, वर लाल कॅन्डीचे, म्हणजे आरपार दिसणाऱ्या रंगाचे, सहा हात, सगळ्यांवर क्लिअरचा काचेसारखा थर. गाडीला देतात तो खरा रंग, डब्यातला घरगुती नव्हे. आरशासारखा झालाय.

सकाळी ऑर्लिंडानं त्यात ब्रेड भाजला. स्वयंपाकघरात धूर. ब्रेडला गॅरेजची चव. ती म्हणाली, "म्हाताऱ्या, फाकुंदोवर राग आहे तर त्याला घाल हा ब्रेड." कल्पना वाईट नाही.

९ ऑगस्ट, शनिवार.

सूड ठरला.

१४ सप्टेंबरला क्लबचं वार्षिक प्रदर्शन. नियमांचा कागद काल तीनदा वाचला. त्यात इंजिन हवं असं कुठंही लिहिलेलं नाही! चाकं हवीत, एवढंच. आणि परीक्षकांसमोर जे जे उघडतं ते उघडून दाखवायचं.

आमचा आडवा फ्रीझर रंगवणार. खाली चार चाकं. झाकणापासून खालपर्यंत हिरव्या कॅन्डी रंगाच्या ज्वाळा. आणि त्यांच्याखाली मोत्यासारख्या चमकीच्या पर्ल रंगात भूत. आमच्या धंद्यात भूत म्हणजे सावलीत न दिसणारं चित्र. ट्यूबलाइटखाली काहीही कळत नाही, उन्हात नेलं की वर येतं.

भूत कुणाचं? फाकुंदोचं. गाढवाच्या कानांसकट.

सकाळी दहाला पार्कात ऊन येतं. सगळं खोरं जमलेलं असेल. मी फ्रीझर ढकलत सावलीतून उन्हात नेईन आणि बाजूला उभा राहीन. एक शब्द बोलणार नाही. ब्रश काढून घेतो काय!

१० ऑगस्ट, रविवार.

ऑर्लिंडाकडे फ्रीझर मागितला. सध्या रिकामाच आहे, गेल्या वर्षीची मिरची संपली. "सहा सप्टेंबरला नवी मिरची भाजून आणणार, तोवर घे," म्हणाली. मी म्हटलं, ऑगस्टअखेर देतो. "फाकुंदोला बोलाव की मदतीला," म्हणाली. बायकांना सूड कळत नाही.

१५ ऑगस्ट, शुक्रवार.

आज डॉक्टरांची वेळ होती, हातासाठी. ऑर्लिंडानं परस्पर घेतलेली. फोन करून पुढं ढकलली. प्रायमर वाळत असताना माणसानं घर सोडू नये.

१९ ऑगस्ट, मंगळवार.

चंदेरी थर छान बसला. मात्र मधे बारीक डोळे पडले, माशाच्या डोळ्यांसारखे. म्हणजे पत्र्यावर तेलकटपणा. ऑर्लिंडा गॅरेजशेजारच्या स्वयंपाकघरात तोर्तिया लाटत होती, तिच्या हाताला चरबी. मी तसं सांगितलं. ती म्हणाली, "नाचता येईना, अंगण वाकडं." नंतर आठवलं की फ्रीझरवर बसून बुरितो मी खाल्ला होता. पण तो तिनंच केलेला.

घासून परत सुरुवात.

२४ ऑगस्ट, रविवार.

भूत काढायला घेतलं. समोर फाकुंदोचा जुना फोटो, माझ्या मुलीच्या बाप्तिस्म्याचा. त्यातल्या मुलीला कागदानं झाकलं. तिचा काय दोष?

चेहरा उत्तम. मिशी उत्तम. उजवा कान उत्तम. डावा जरा नागमोडी गेला. रंग फवारायच्या कॉम्प्रेसरची हवा कमी-जास्त होते, नळीत पाणी साठतं. शिवाय सकाळची कॉफी कडक होती. उद्यापासून अर्धा कप.

२५ ऑगस्ट, सोमवार.

अर्धा कप. कान तसाच. कॉफीचा संबंध नाही, कॉम्प्रेसरच.

२९ ऑगस्ट, शुक्रवार.

डावा कान पाचव्यांदा. उजव्या हाताचं मनगट डाव्या हातानं धरून केला. मग दोन्ही हात कॉम्प्रेसरमुळे हलायला लागले. ठीक आहे. गाढवाचे कान सरळ कुठं असतात? उलट हेच जास्त खरं वाटतं.

संध्याकाळी फाकुंदोचा फोन. मी घेतला नाही. ऑर्लिंडानं घेतला, पाऊण तास बोलली. निरोप काय, तर माझं जॅकेट त्याच्या कपाटात टांगून ठेवलंय, कधीही न्यावं. म्हणजे ओलीस ठेवलंय! सूड दुप्पट.

३ सप्टेंबर, बुधवार.

हिरव्या ज्वाळा झाल्या. सावलीत भूत पूर्ण गायब. ऑर्लिंडा येऊन बघून गेली, म्हणाली, "सुंदर आहे रे." तिच्या डोळ्यांत कौतुक होतं. बिचारीला माहीत नाही, आत काय दडलंय.

७ सप्टेंबर, रविवार.

काल दोन पोती मिरची भाजून आली. ऑर्लिंडा आणि तिची बहीण दिवसभर सोलत बसल्या. आज सगळ्या पिशव्या फ्रीझरमध्ये. मी म्हटलं, क्लिअर राहिलंय, फ्रीझर तयार नाही. म्हणाली, "आतून तयार आहे ना? मला आतलंच लागतं." वर्षभराची मिरची आहे, एन्चिलादा, स्ट्यू, सगळं. वाद घालण्यात अर्थ नाही. क्लिअर बाहेरूनच द्यायचंय.

९ सप्टेंबर, मंगळवार.

कॉम्प्रेसर आणि फ्रीझर एकाच लाइनवर. कॉम्प्रेसर लावला की फ्यूज उडतो. तीनदा उडाला. फ्रीझरचा प्लग काढला. तासाभराचं तर काम.

क्लिअरचे सात हात दिले. झाकणाच्या फटीत नियमानं मास्किंग टेप लावायला हवी. पण टेप काढली की तिथं कड राहते आणि ज्वाळा तुटते. माझ्या ज्वाळा झाकणावरून थेट खाली उतरतात, अखंड. टेप लावली नाही. असलं धाडस फाकुंदोला सात जन्मांत जमणार नाही.

झाल्यावर उभा राहून पाहिलं. फट दिसतच नाही! एकसंध काच. आनंदानं डोळ्यांत पाणी आलं. गॅरेजला कुलूप लावलं. पाच दिवस कुणी हात लावायचा नाही. ऑर्लिंडालाही मनाई.

१२ सप्टेंबर, शुक्रवार.

गॅरेजशी गेलं की उग्र वास येतो. थिनरचा नाही. शेजारच्या अंगणात काहीतरी मेलं असावं. प्रदर्शन झाल्यावर त्यांना चांगलं सुनावतो.

१३ सप्टेंबर, शनिवार.

उद्या. दाढी केली. दोनदा कापलं. ब्लेड जुनं.

फाकुंदो उद्या कसा दिसेल, याचा विचार करत जेवलो. चार तोर्तिया जास्त गेल्या.

१४ सप्टेंबर, रविवार. संध्याकाळ.

लिहायचं मनात नव्हतं. पण तारीख मीच ठरवली होती.

भाड्याच्या पिकअपमधून फ्रीझर उतरवला, झाडाखाली ठेवला. लोक जमले. सिपिओनं शीळ घातली. काहींना वास आला, त्यांनी पार्कातल्या कचरापेटीकडे बघितलं. दहा वाजता ऊन आलं आणि मी ढकलत बाहेर नेला.

भूत वर आलं. स्वच्छ. मिशी, चेहरा, कान. मग सिपिओ ओरडला, "अरे, हा तर आपला अध्यक्ष!" आणि सगळं पार्क हसलं. त्रेचाळीस दिवस ज्याची वाट पाहिली ते हसू. मी फाकुंदोकडे पाहिलं. तोही हसत होता, पोट धरून. हे ठरलं नव्हतं.

परीक्षक म्हणाला, झाकण उघडा. ओढलं. उघडेना. दोघांनी ओढलं, मग चौघांनी. फ्रीझर चाकांवर पुढं जायचा, झाकण जागचं हलायचं नाही. सात हात क्लिअरनं सगळं एक करून टाकलं होतं. ऑर्लिंडा गर्दीतून पुढं आली. म्हणाली, "आत माझी मिरची आहे."

फाकुंदोनं पातळ पातं काढलं. फटीवरून चारी बाजूंनी फिरवलं. एकदाही थांबला नाही, रंगाचा टवका उडाला नाही. हात होता की यंत्र! मग झाकण उचललं.

जे बाहेर आलं ते लिहीत नाही. बँड वाजवणारेही पळाले. वर्षभराची मिरची पाच दिवस बंद फ्रीझरमध्ये आंबली होती. प्लग. तासाभरानं लावायचा होता.

ऑर्लिंडा ओरडली असती तर बरं झालं असतं. ती कडेच्या बाकावर जाऊन बसली. तिच्या बोटांवर अजून सोलल्याचे डाग होते. मला तोंड दाखवायला जागा राहिली नाही.

सगळे लांब गेले. फाकुंदो राहिला. पिशव्या पिंपात टाकल्या, झाकण बंद केलं आणि उकिडवा बसून आपलाच चेहरा बघत राहिला. मग म्हणाला, "डावा कान बिघडलाय, कंपाद्रे. गाढवाचा तरी नीट काढ."

मी म्हटलं, कॉम्प्रेसर. त्यानं खिशातून ब्रश काढला, सोबतच्या डबीतल्या पांढऱ्या रंगात बुडवला आणि माझ्या वेड्यावाकड्या कानावरून एका दमात रेषा मारली. स्वतःच्या डोक्यावरचा गाढवाचा कान, अगदी सुरेख. शेवटी मनगट किंचित वळवलं आणि टोकाला आकडा काढला. गळासारखा, बारीक.

मी आकड्याकडे पाहिलं. मग पार्कच्या कडेला उभ्या माझ्या गाडीकडे. फाकुंदोनं तिकडं पाहिलं नाही. ब्रश पुसत राहिला.

ईस्टरच्या आधी दोन दिवस गाडी क्लबच्या शेडमध्ये होती, आणि शेडची किल्ली अध्यक्षाकडे असते.

म्हणजे ब्रश काढून घेतला तेव्हा त्यानं मुद्दाम जोक केला, लोक त्यावर हसले. माझ्या हाताकडे कुणाचं लक्ष गेलं नव्हतं.

सूड उगवायला माणसानं निदान शत्रू तरी धड निवडावा. निघताना त्यानं जॅकेट माझ्या खांद्यावर टाकलं. मी आभार मानले नाहीत. एवढा तरी राग शिल्लक ठेवायलाच हवा.

घरी येऊन गाडीच्या डाव्या अंगाचे आकडे मोजले. अकरा. परत मोजले.

ऑर्लिंडानं डॉक्टरांची वेळ पुन्हा घेतलीय, गुरुवारी दहा. येतो म्हटलं. गाडी तूच चालव, हेही म्हटलं.